नळी कोणाच्या हातीं?

चारचौघांत ज्याचें नांव काढणें शिष्टसंमत समजलें जात नाहीं, असा विषय आज मी हातीं घेतला आहे. अशा वेळीं आरंभीं क्षमा मागण्याची वहिवाट आहे. पण ती मी पाळणार नाहीं. ज्या घरीं हा प्रसंग येतो, त्या घरांतील माणसांना निम्मा त्रास लाजेपायींच सोसावा लागतो असें माझें मत आहे, आणि त्या लाजेंत आणखी भर घालण्याची माझी इच्छा नाहीं.

प्रसंग असा. पोटाच्या खालच्या भागावर, गर्भाशयावर, पाठीच्या कण्यावर किंवा मूत्रमार्गावर एखादी मोठी शस्त्रक्रिया होते. जखम भरत येते, टांके निघतात, घरीं जाण्याचा दिवस उजाडतो. पण लघवी मात्र आपण होऊन सुटत नाहीं, किंवा सुटली तरी बरीचशी आंत उरते. मग रुग्णालयांतील परिचारिका रोग्याला जवळ बसवून एक बारीक, लवचिक नळी त्याच्या हातीं देते आणि सांगते कीं, दिवसांतून चार ते सहा वेळां ही नळी आपली आपणच मूत्रमार्गांतून आंत सोडावयाची, मूत्राशय रिकामा करावयाचा आणि नळी काढून घ्यावयाची. ऐकणाऱ्याच्या अंगावर कांटा उभा राहतो. ‘डॉक्टरचें काम मी कसें करूं? माझे हात काय निर्जंतुक आहेत?’ असे प्रश्न तो विचारतो. प्रश्न रास्त आहेत. त्यांचीं उत्तरें डॉक्टर देतातच. परंतु हीं उत्तरें खुद्द डॉक्टरांना किती उशिरां सांपडलीं हें इतिहासांत पाहिलें, म्हणजे रोग्याची भीति पुष्कळ अंशीं ओसरते.

प्रथम हें अवघडतें कां, तें थोडक्यांत सांगतों. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. मोठ्या माणसाच्या मूत्राशयांत सामान्यतः ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र सुखानें मावतें. पिशवी आवळणें आणि तिचें तोंड उघडणें या दोन क्रिया एकाच वेळीं व्हाव्या लागतात, आणि त्यांचे हुकूम मज्जारज्जूंतून येणाऱ्या मज्जातंतूंकडून मिळतात. भूल दिल्यानें, विशेषतः ती पाठीच्या कण्यांत दिल्यानें, हे हुकूम कांहीं काळ बंद पडतात. शस्त्रक्रियेंत ते तंतु दुखावले तर आठवडे किंवा महिनेहि लागतात. उतारवयाच्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथि वाढून मार्गच चेपलेला असतो, तें निराळेंच. कारण कोणतेंहि असो, तुंबलेल्या मूत्रानें पिशवी ताणली जाते, ताणल्यानें तिचे स्नायु थकतात, आणि थकल्यानें ती अधिकच तुंबते. हें चक्र तोडण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे नळी.

हा उपाय फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शल्यवैद्याच्या १०१ यंत्रांचें वर्णन आहे. त्यांतील शलाकांमध्यें मूत्रमार्गाच्या शोधनासाठीं म्हणून एक स्वतंत्र शलाका सांगितली आहे, आणि तिचें टोंक मालतीच्या फुलाच्या देंठाच्या अग्राएवढें व तसेंच वाटोळें असावें असें तिचें माप दिलें आहे. अवयवाच्या नाजूकपणाची ज्याला जाणीव आहे तोच वैद्य असें माप देईल. निरुद्धप्रकश नांवाच्या, म्हणजे शिस्नाग्राची त्वचा आवळून मूत्राला अडथळा करणाऱ्या विकारांत, दोन्हीं बाजूंनीं तोंडें असलेली लोखंडाची, लांकडाची किंवा लाखेची नळी तूप लावून घालावी आणि दर तीन दिवसांनीं अधिक जाड नळी घ्यावी, असेंहि तो ग्रंथ सांगतो. तुपाच्या जागीं आज वंगणाची जेली आली, एवढाच काय तो फरक. याच यंत्राध्यायांत सुश्रुत असेंहि म्हणतो कीं, सर्व यंत्रांत हात हेंच मुख्य यंत्र होय. तो हात अर्थातच वैद्याचा होता.

रोमन लोकांकडेहि हें साधन होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत सेल्सस यानें कांशाच्या नळ्यांचीं मापें दिलीं आहेत: पुरुषांसाठीं १५, १२ व ९ अंगुळें लांबीच्या तीन, आणि स्त्रियांसाठीं ९ व ६ अंगुळें लांबीच्या दोन. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई शहरांत अशा वांकदार नळ्या उत्खननांत सांपडल्या आहेत. कॅथेटर हा शब्द ग्रीक. ‘खालीं सोडणें’ अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो आला आहे. पुढें हजार-दीड हजार वर्षांत नळी कांशाची होती ती चांदीची झाली, इतकेंच. धातूची ताठ नळी मूत्रमार्गाच्या वळणांतून नेणें हें सराईत हाताचें काम असे, आणि रोग्यानें तें सोसावयाचें असे.

ह्या रीतीला पहिला लक्षांत राहण्याजोगा अपवाद भेटतो तो १७५२ सालीं, अमेरिकेंत, आणि तोहि वैद्यकाशीं धंद्यानें कांहींच संबंध नसलेल्या माणसाच्या हातून. बेंजामिन फ्रँकलिनचें नांव आपण विजेच्या संदर्भांत शाळेंत शिकतों. त्याचा थोरला भाऊ जॉन बोस्टन येथें राहत असे आणि मूतखड्यानें हैराण झाला होता. लवचिक नळी मिळेल तर बरें होईल असें भावानें कळविल्यावर फ्रँकलिननें काय केलें? फिलाडेल्फियांतील एका चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडे तो तडक गेला, आपली कल्पना त्याला समजावून दिली, आणि टपाल चुकूं नये म्हणून काम पुरें होईपर्यंत तेथेंच बसून राहिला. ८ डिसेंबर १७५२ रोजीं त्यानें ती नळी पत्रासह रवाना केली. 

तें पत्र उपलब्ध आहे आणि तें वाचण्याजोगें आहे. नळी मार्गाच्या वळणांप्रमाणें वांकेल, तरीहि पुढें ढकलण्यापुरता ताठपणा तिच्यांत आहे; तो कमी वाटला तर सोबतची तार आंत घालावी आणि नळी जसजशी पुढें सरकेल तसतशी ती तार मागें ओढीत जावें; नळीची घडण मळसूत्राची असल्यामुळें ती फिरवीत आंत नेतां येते व फिरवीत बाहेर काढतां येते; अशा बारीकसारीक सूचना त्यांत आहेत. शेवटीं तो म्हणतो कीं, कोणतेंहि नवें हत्यार वापरण्यास अनुभव लागतो, आणि तो अनुभवच ह्या नळींतील सुधारणा सुचवील. फ्रँकलिनला ह्या नळीचा जनक म्हणण्याची चाल कांहीं लेखकांनीं पाडली आहे. ती बरोबर नाहीं, कारण युरोपांत त्यापूर्वींहि लवचिक नळ्या करण्याचे प्रयत्न झाले होते. मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. एका भावानें दुसऱ्या भावास लिहिलेल्या ह्या पत्रांत संकोचाचा शब्द नाहीं. भावाच्या दुखण्याकडे त्यानें घरांतील एखाद्या नादुरुस्त यंत्राकडे पाहावें तसें सरळ पाहिलें. जॉन १७५६ सालीं वारला.

पुढच्या शतकांत फ्रान्समध्यें ह्या साधनाचें रूप बदललें. १८३६ सालीं मर्सिए यानें वाढलेल्या प्रोस्टेटला वळसा घालूं शकेल अशी टोंकाशीं किंचित् वांकलेली नळी काढली. पॅरिसमध्यें स्थायिक झालेला स्विस कारागीर शारिएर यानें जाडीचीं मापें ठरवून दिलीं. तीन क्रमांक म्हणजे एक मिलिमीटर. आज औषधाच्या दुकानांत आपण १४ नंबरची नळी मागतों, तेव्हां साडेचार मिलिमीटरहून थोडी अधिक जाडी मागत असतों, आणि नकळत ह्या कारागिराचीच मोजपट्टी वापरीत असतों. गुडइयरनें रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ति शोधून काढल्यावर, १८६० च्या सुमारास ओग्युस्त नेलातों यानें मऊ रबराची नळी प्रचारांत आणली. गॅरिबाल्डीच्या घोट्यांत रुतलेल्या गोळीचा पत्ता चिनी मातीच्या टोंकाच्या सळईनें लावणारा तो हाच नेलातों. सरळ, साध्या नळीला आजहि त्याचेंच नांव आहे.

मऊ नळी आली आणि ती प्रथमच मोठ्या प्रमाणावर रोग्यांच्या स्वतःच्या हातीं गेली. प्रोस्टेटच्या वाढीवर सुरक्षित शस्त्रक्रिया तेव्हां उपलब्ध नव्हती. वृद्ध गृहस्थ डॉक्टरांकडून नळी घालण्यास शिकत आणि पुढें वर्षानुवर्षें आपली सोय आपणच पाहत. कोणी ती उंच टोपीच्या अस्तरांत गुंडाळून ठेवीत, कोणी पोकळ काठींत, अशा हकीकती सांगतात. परंतु जंतूंचें ज्ञान नसल्यामुळें नळी खिशांतून निघे ती तशीच आंत जाई. हुडहुडी भरून ताप येई, तो वाढे, आणि पुष्कळांचा त्यांतच अंत होई. इंग्रज डॉक्टरांनीं त्या तापाला ‘कॅथेटर-ज्वर’ असें नांवच देऊन टाकलें होतें.

यापुढची हकीकत मोठी विलक्षण आहे. जंतूंचा शोध लागला. १८६७ सालीं लिस्टरनें आपली जंतुनाशक शस्त्रक्रियापद्धति प्रसिद्ध केली, आणि शस्त्रवैद्यकाचा कायापालट झाला. या शोधानें कोट्यवधि जीव वांचले याबद्दल वाद नाहीं. पण मूत्राशयाच्या रोग्याच्या बाबतींत त्याचा परिणाम असा झाला कीं, रोग्याच्या हातीं नुकतीच आलेली नळी पुन्हां काढून घेतली गेली. आतां ती उकळलेली पाहिजे, हातमोजे पाहिजेत, निर्जंतुक कापड पाहिजे, आणि हें सर्व जाणणारा माणूस पाहिजे. घरांतल्या न्हाणीघरांत हें जमणार कसें? रोग्याचा हात म्हणजे जंतूंचें माहेरघर, असें मत रूढ झालें. शंभर वर्षें तें कोणी तपासून पाहिलें नाहीं.

दिवसांतून पांच वेळां निर्जंतुक विधि करणें अशक्य, म्हणून दुसरी वाट निघाली: नळी आंतच ठेवून द्यावयाची. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांताचे डॉक्टर फ्रेडरिक फोली यांनीं १९३० च्या दशकांत टोंकाशीं फुगा असलेली नळी सिद्ध केली. फुगा आंत फुगविला म्हणजे नळी निसटत नाहीं. शस्त्रक्रियेनंतर पहिले कांहीं दिवस हिची जोड नाहीं, आणि रुग्णालयांत आपण पाहतों ती बहुधा हीच. पण महिनाभर ती आंत राहिली, कीं जवळजवळ प्रत्येक रोग्याच्या मूत्रांत जंतु सांपडतात. कारण परकी वस्तु सतत आंत राहिल्यानें जंतूंना वर चढावयास जणुं शिडीच मिळते.

हें दुखणें किती जीवघेणें होतें याचा हिशेब युद्धांनीं दिला. पहिल्या महायुद्धांत मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावले, आणि ते दगावले ते गोळीनें नव्हे, तर पाठीवर पडलेल्या क्षतांनीं आणि मूत्रपिंडापर्यंत पोंचलेल्या जंतुसंसर्गानें. दुसऱ्या महायुद्धांत, फेब्रुवारी १९४४ मध्यें, इंग्लंडांतील स्टोक मँडव्हिल येथें अशा जखमींसाठीं एक विभाग उघडण्यांत आला. त्याचे प्रमुख लुडविग गुटमान हे नाझी राजवटींतून १९३९ सालीं निसटून आलेले ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ होते. त्यांनीं आग्रह धरला कीं, नळी आंत ठेवूं नये; ठराविक वेळानें घालावी आणि काढावी. निरोगी माणसाचा मूत्राशय भरतो व रिकामा होतो; रोग्याचाहि तसाच भरूं द्यावा व रिकामा करावा. तत्त्व अगदीं साधें होतें. मात्र गुटमान यांची रीत कडक निर्जंतुकतेची होती, आणि प्रत्येक वेळीं नळी घालण्याचें काम डॉक्टर स्वतः करीत. फ्रँकेल यांच्यासह त्यांनीं १९६६ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हां त्यांतील यशाकडे सर्वांचें लक्ष वेधलें. पण इतके डॉक्टर आणावयाचे कोठून, हा प्रश्न उरलाच.

गुटमान यांनीं याच रुग्णालयाच्या आवारांत १९४८ सालीं जखमी सैनिकांचे क्रीडासामने भरविले. त्यांतूनच पुढें पॅरालिंपिक उभें राहिलें. आपल्या सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धांत जायबंदी झालेले जवान, यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें तें याच परंपरेच्या सामन्यांत.

योगायोग असा कीं, नळीच्या इतिहासांतील निर्णायक लेखहि त्याच १९७२ सालचा आहे. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांच्या मनांत एक साधी शंका आली. मूत्राशयांत जंतु शिरणें हेंच जर रोगाचें कारण, तर आपणां सर्वांच्याच मूत्रमार्गाच्या तोंडाशीं जंतु असतां निरोगी माणूस निरोगी राहतो कसा? त्यांचें उत्तर असें कीं, मूत्राशयाच्या भिंतीला रक्ताचा पुरवठा नीट असेल तर ती जंतूंचा प्रतिकार करते. पिशवी फुगून ताणली गेली, कीं त्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि ती हतबल होते. म्हणजे खरा शत्रु तुंबणें हा आहे. तसें असेल तर नळी निर्जंतुक आहे कीं नुसती स्वच्छ आहे यापेक्षां ती वेळेवर पडते कीं नाहीं, हें अधिक महत्त्वाचें.

या तर्कावर भरंवसा ठेवून लॅपिडीस यांनीं रोग्यांना सांगितलें: हात साबणानें धुवा, नळी धुवा, आणि आपल्या हातानें घाला. हातमोजे नकोत, निर्जंतुक कापड नको. आणि प्रवासांत एखाद्या वेळीं हात धुण्याची सोय नसली, तरीहि वेळ चुकवूं नका. शंभर वर्षें ज्या गोष्टीला शल्यवैद्य महापाप समजत आले, ती एका प्राध्यापकानें राजरोस सांगावी, यानें त्यांचे समव्यवसायी बिथरले तर नवल नाहीं. पण रोग्यांचीं मूत्रपिंडें शाबूत राहिलीं, ताप कमी झाले, कपडे कोरडे राहूं लागले, आणि कांहीं वर्षांच्या अनुभवानें विरोध मावळला. आज ही पद्धति जगभर मान्य आहे. एकोणिसाव्या शतकांतील टोपीवाल्या गृहस्थांची वाट चुकली नव्हती. त्यांत फक्त साबण आणि घड्याळ यांची उणीव होती, असें म्हणावयास हरकत नाहीं. 

तरीहि ‘हें डॉक्टरचें काम’ ही समजूत सहज गेली नाहीं. टेक्सस प्रांतांतील अर्व्हिंग येथें जन्मतः पाठीच्या कण्यांत व्यंग असलेली एक मुलगी होती. तिला दर तीन-चार तासांनीं नळी लागे, आणि ती शाळेंत कोणी घालावी यावरून तिच्या आईबापांचा व शाळाखात्याचा वाद जुंपला. ही वैद्यकीय सेवा आहे, आमचें काम नव्हे, असें शाळाखात्याचें म्हणणें. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९८४ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं, हें काम तासाभराहून कमी वेळांत शिकतां येतें, सामान्य माणूस तें कांहीं मिनिटांत करूं शकतो, आणि तें न करणें म्हणजे मुलीला शिक्षण नाकारणें होय. मुलगी तेव्हां आठ वर्षांची होती. जें काम करावयास दोन हजार वर्षें शल्यवैद्य लागे, त्याला आतां शाळेंतली परिचारिका पुरेशी झाली, आणि तिनेंहि तें पुढें मुलीलाच शिकवावें हें ओघानेंच आलें.

तेव्हां आपल्या घरीं परतलेल्या रोग्याच्या हातीं जी नळी आहे, तिच्यामागें हा एवढा पसारा आहे. तिची किंमत मात्र थोडी आहे, आणि त्यावरूनहि जगांत एकमत नाहीं. अमेरिकेंतील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेंत महिन्याला चारच नळ्यांचा खर्च मिळे. २००८ सालीं ही मर्यादा २०० वर नेण्यांत आली, म्हणजे प्रत्येक वेळीं नवी नळी. आपल्याकडे पुष्कळ घरांत एकच नळी धुऊन, वाळवून पुन्हां वापरतात. तसें करावें कीं नाहीं, किती वेळां करावें, हें ज्यानें त्यानें आपल्या डॉक्टरांस विचारूनच ठरवावें. शस्त्रक्रियेची जागा ताजी असेल तर ते निराळाच सल्ला देतील. स्त्रियांना आरंभीं आरशाची मदत होते. चार-आठ दिवसांत बोटांनाच वाट कळते आणि आरसा लागत नाहीं. जोर मात्र कधींहि करूं नये. नळी अडली तर थांबावें, दीर्घ श्वास घ्यावा, अंग सैल सोडावें. तरीहि न सरकली, रक्त आलें, किंवा थंडी वाजून ताप भरला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. पाणी कमी पिऊन फेरे वांचविण्याचा मोह होतो, विशेषतः बाहेरगांवीं जातांना स्वच्छ जागेची खात्री नसते तेव्हां आपल्याकडच्या स्त्रियांना तो फार होतो. तो आवरला पाहिजे.

बहुतेक रुग्णालयांतून नळीबरोबर एक छोटी वहीहि ठेवण्यास सांगतात. डाव्या रकान्यांत वेळ, मधल्या रकान्यांत आपण होऊन झालेली लघवी, उजव्या रकान्यांत त्यानंतर नळीनें निघालेली. पहिल्या आठवड्यांत मधला रकाना बहुधा कोरा असतो आणि उजवीकडे ३५०, ४०० असे आंकडे असतात. मज्जातंतु सुधारत गेले तर मधल्या रकान्यांत एके दिवशीं ५० दिसतात, मग ८०, मग १५०. उजवीकडचे आंकडे त्याच मानानें उतरतात. उजवा रकाना लागोपाठ कांहीं दिवस १०० च्या आंत राहिला म्हणजे डॉक्टर सामान्यतः फेरे कमी करावयास सांगतात: सहाचे चार, चाराचे दोन, मग रात्रीं निजण्यापूर्वीं एक, आणि मग तोहि नाहीं.